चार पटल्यांमधले आमचे

“नवऱ्याचं नाव तोंडावर येऊ देऊ नोको, बाई. एकडाव घेतलं का त्याच्या आयुष्यातला एक दिवस कमी होते.”

सासूबाईंनी, म्हणजे धुरपताबाईंनी, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात चुलीपुढे बसून सांगितलं होतं. हे दिवस कोण मोजतं, असलं काही विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि दुसऱ्याचे दिवस उगाच खर्च करण्याची मला हौसही नव्हती. म्हणून ते नाव मी आजवर घेतलेलं नाही. उखाण्यातसुद्धा नेमक्या ठिकाणी मला खोकला आला होता. लिहिलेलं चालतं की नाही याबद्दल सासूबाई काही बोलल्या नव्हत्या, तेव्हा जोखीम नको. इथेही मी ‘हे’ असंच म्हणेन. दुसऱ्या कोणी नाव घेतलं तर ते त्यांचं त्यांनी देवाशी पाहून घ्यावं.

माझे नेम तसे साधे आहेत. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. दोन हजार सात साली ऐन मे महिन्यात अधिक ज्येष्ठ आला. अधिकात मी एकभुक्त राहते आणि ते एक जेवण मौनानं करते. ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत एक शब्द नाही. शब्द गेला की ताट गेलं, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यावर राहायचं. हे सगळं आपण कोणाला त्रास न देता करतो, असा माझा समज होता.

तो एका गुरुवारी गेला. हे जेवत होते, मी वाढत होते. यांनी अर्धी पोळी ताटातच ठेवली आणि उद्या नळाला पाणी येणार नाही असं सांगावं तितक्या शांतपणे म्हणाले, “टिकेशची माय, पंचवीस वर्षांत तुझे सारे देव या घरात जेवले. तू माझ्यासंग एकडाव जेवाले बसली नाहीस.”

“पहिले तुमाले वाढायचं राहते ना,” मी म्हटलं.

“हो. तेच सांगून राहिलो.”

आणि हात धुवायला उठले. रागावले असते तर मी समजूत काढली असती. न रागावलेल्या माणसाचं काय करायचं हे कुठल्याच पोथीत दिलेलं नाही. त्या रात्री माळ ओढताना माझे मणी चुकले. दुसऱ्या दिवशीही चुकले. देव समोर आणि डोळ्यांपुढे ती अर्धी पोळी.

नागपूरहून टिकेशचा फोन आला तेव्हा माझा आवाज ऐकूनच त्यानं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तो म्हणाला, “आई, सोमवारी तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत. बाबांना सरप्राइज दे. हॉटेलात घेऊन जा, समोरासमोर बसा आणि जेवा. आणि आधी सांगू नकोस, नाहीतर ते ‘कायले?’ म्हणतील.” एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. पोरांना काय, सांगायला सोपं.

मला एकटीनं काही ठरवायची सवय नाही, म्हणून मी शेजारच्या फुलवंताबाईंकडे गेले. फुलवंताबाई माझ्यापेक्षा मोठ्या, आणि गोंदियालगतच्या आमच्या मुर्रीमधल्या कोणाच्याही घरात काय चाललंय यावर त्यांचं मत तयार असतं.

“अवो, अधिकात लगन नाही होत, मुंज नाही होत, घरभरणी नाही होत. आन् तू लगनाचा वाढदिवस करून राहिली?” त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. “आन् तारीख कायची पाहतेस? आपल्यात लगन तिथीनं लागते. तुयी तिथी निज जेठात येईन. तवा कर.”

म्हणजे सोमवारी जेवायला गेलो तर दोष, आणि न गेलो तर ती अर्धी पोळी. मी तशीच देवळातल्या महाराजांकडे गेले. महाराजांनी बराच वेळ डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली असावी. मग म्हणाले, “लग्न वर्ज्य आहे. लग्नाचा वाढदिवस मात्र शास्त्रात सांगितलेलाच नाही. जे सांगितलंच नाही ते वर्ज्य कसं करणार? कांदा-लसूण तेवढं टाळा.”

हा निर्णय फुलवंताबाईंना पटला नाही, पण महाराजांचा असल्यामुळे त्यांनी तो गिळला आणि लगेच दुसऱ्या बाजूनं सल्ले सुरू केले. साडी हिरवी नेस. पंख्याखाली बसू नोको, पदर उडते. हॉटेलातलं पाणी पिऊ नोको. ही बाई दोन दिवस पोटात काही ठेवणार नाही, अशी मला भीती वाटली. म्हणून मी त्यांना त्यांच्याच अंगणातल्या तुळशीपुढे उभं केलं आणि शपथ घातली, की यांच्यापुढे या विषयावर एक शब्द काढायचा नाही.

“नाही काढत, बाई. जीभ झडो,” त्या म्हणाल्या. आपण किती भक्कम काम करून ठेवलंय याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आता अडचण अशी, की हे घरी आले आणि एकदा का शर्ट खुंटीला लागला, की यमराज आले तरी यांना बाहेर काढू शकणार नाहीत. म्हणून यांना परस्पर गोंदिया स्टेशनवरच गाठायचं मी ठरवलं. हे तिरोड्याला एका सरकारी कार्यालयात आहेत, रोज पॅसेंजरनं जातात-येतात. स्टेशनसमोर एक शुद्ध शाकाहारी हॉटेल आहे. तिथे मी रविवारीच जाऊन आले. मॅनेजरचं नाव खेमराज. त्यानं मला पंख्याखालीच बसवलं.

“किसके नाम से टेबल रखूँ, भाभीजी?”

“पटले.”

“पटले साहब का पूरा नाम?”

मी पदराचं टोक पाहत बसले. “वो मैं नहीं लेती.”

“कोई बात नहीं,” खेमराज समजूतदारपणे म्हणाला. “आप सिर्फ साहब को ले आइए. बाकी हम पर छोड़ दीजिए.” या ‘बाकी’मध्ये काय काय येतं हे मी विचारायला हवं होतं. पण मी बिनकांदा-लसणाची थाळी एवढंच तीनदा सांगितलं आणि उठले.

राहिला प्रश्न पाचच्या गाडीचा. त्या आठवड्यात यांच्या कार्यालयात तपासणी चालली होती आणि हे रोज उशिराच्या गाडीनं येत होते. सोमवारी यांना पाचच्या गाडीत कोणीतरी बसवून द्यायला हवं होतं. म्हणून सोमवारी सकाळी पूजा आटोपल्यावर मी कार्यालयात फोन केला. शालीकराम शिपायानं उचलला. माझा आवाज मुळात लहान.

“पटल्यांना निरोप द्यायचा होता,” मी म्हटलं.

“कोन्या पटलेले? अठी चार पटले हायेत.”

हे मला सुचलंच नव्हतं. अर्ध्या तिरोडा तालुक्यात एक दगड भिरकावला तर तो पटल्याला लागतो आणि ‘कोणी मारला’ म्हणून वळून पाहणाराही पटलेच असतो.

“ते… आवक-जावक पाहतात ते.”

“दोघं पाहतेत.”

“उंच आहेत.”

“दोघंई लंबे हायेत. नाव सांगा ना, बाई.”

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. शालीकरामला माझी दया आली असावी. “बरं, टक्कलवाले का?”

आता खरं सांगायचं तर यांचा माथा मागच्या बाजूनं थोडा मोकळा झालेला आहे. खोटं बोलणं मला एरवीही जमत नाही, अधिकात तर प्रश्नच नव्हता. “थोडे आहेत,” मी म्हटलं.

“समजलं! काय सांगू?”

“आज पाचच्या गाडीनं नक्की या म्हणावं. गोंदियाला स्टेशनवर कोणी वाट पाहणार आहे.”

“कोन?”

“ते आज सांगता येत नाही.”

मग शालीकराम फार अदबीनं “हौ” म्हणाला आणि फोन ठेवला.

भर दुपारीच हिरवी साडी नेसून, घराला कुलूप लावून मी निघाले, आणि देवळात महादेवाला बेल वाहून, महाराजांची पोथी ऐकून संध्याकाळी स्टेशनवर गेले. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. गाडी आली. माणसं उतरली, पांगली. हे दिसले नाहीत. मी डब्याडब्यात डोकावले. शेवटी फलाटावर एकच माणूस उरला. उंच, पूर्ण टक्कल, आंब्याच्या रंगाचा कोरा शर्ट, आणि हातात पेढ्यांचा पुडा. तो लाजत लाजत माझ्याकडे आला.

“मी पटले. केशोराव पटले. शालीकरामनं सांगतलं… तुमीच का फोन केलता?”

खोटं बोलता येत नव्हतं. “हो,” मी म्हटलं, आणि पायाखालची फरशी कुठे दुभंगते का ते पाहू लागले.

“आमगाववाल्या बहिणीनं सांगतलं होतं का एक स्थळ पाहून ठेवलं म्हून,” केशोराव पुड्याच्या दोरीशी खेळत म्हणाले. “आमची मालकीण जाऊन तीन वर्षं झाली ना. मी नाहीच म्हनत होतो. पन म्हटलं, बाई मानूस सोता फोन करते, तं न जानं बरं नाही दिसत.”

आयुष्यात मला अनेकांनी अनेक गोष्टी म्हटल्या, पण स्थळ कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. “भाऊजी, चूक झाली. मी दुसऱ्या पटल्यांची आहे.”

“कोनत्या? ओमेशची? भोजराजची? का लक्ष्मीचंदची?”

शेवटच्या नावाला मी मान हलवली. केशोरावांनी कपाळावर हात मारला. ते शर्टासारखंच कोरं होतं, आवाज मोठा झाला. मग ते स्वतःच हसले, आणि तेवढ्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

“पन वहिनी, लक्ष्मीचंद तं दुपारच्याच गाडीनं गेला! अर्धी सुटी टाकून.”

अर्धी सुटी! पंचवीस वर्षांत यांनी ताप असल्याशिवाय अर्धी सुटी घेतलेली मला आठवत नाही. म्हणजे ताप? की छातीत दुखलं? मी धावत बूथवर गेले आणि फुलवंताबाईंना फोन लावला.

“आलते ना भाऊजी!” फुलवंताबाईंचा आवाज विजयी होता. “कुलूप पाहून मले विचारे, कोठी गेली म्हून. मी ओठ शिवून बसली. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. मी एक शब्द नाही काढला.”

“मग?”

“मंग तोंड उतरलं बिचाऱ्याचं. म्हने, माहेरी गेली का मायं बोलणं लागून? तरी मी बोलली नाही! मंग गेले सायकल घेऊन.”

“कुठं गेले?”

“मी कायले विचारू? विचारता विचारता सांगून बसली असती ना.”

“परत आले तर आता सांगून टाका, बाई! मी शपथ सोडली.”

“तुळशीची शपथ अशी फोनवर नाही सुटत,” त्या दुखावल्या स्वरात म्हणाल्या. “तुळशीपुढं यावं लागते.” आणि फोन ठेवला.

हे मला शोधत सायकलवर फिरत होते, डोक्यात ‘माहेरी गेली’ घेऊन, आणि मी इथे हिरवी साडी नेसून एका परक्या पटल्याबरोबर. मी तिथेच, बूथच्या काचेला टेकून, गावाबाहेरच्या नागऱ्याच्या महादेवाला हात जोडले. म्हटलं, देवा, आज एकदाच आम्हाला एका टेबलावर बसव. ते तुझ्या दर्शनाला पायी येतील, अनवाणी. म्हणायचं होतं ‘मी येईन’. घाईत ‘ते’ निघून गेलं. पण नवस हा पत्रासारखा असतो, एकदा पेटीत पडला की हात घालून काढता येत नाही.

सगळा बेत ऐकून केशोराव म्हणाले, “वहिनी, तुमी हॉटेलवाल्याले सांगून तठीच थांबा. मी मुर्रीले जाऊन पाहून येतो.” माणूस किती सरळ! ते माझ्यासाठी हॉटेलचा दरवाजा धरून उभे राहिले, आणि तिथेच घात झाला.

“आइए, आइए! आप पटले साहब?” खेमराजनं विचारलं.

“हौ,” केशोराव म्हणाले. तेही खोटं बोलणारे नव्हते.

त्या क्षणी मोठ्यानं सनई लागली. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. दोन वेटरांनी आम्हा दोघांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. तिसरा बिनअंड्याचा केक घेऊन आला. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी उठून टाळ्या वाजवल्या. “ये नहीं हैं! ये वो पटले नहीं हैं!” मी ओरडत होते, म्हणजे माझ्या मते ओरडत होते. माझा आवाज सनईच्या खालून जात होता. केशोराव हात हलवत “मी नव्हं, मी नव्हं” म्हणत होते, तर खेमराज म्हणाला, “साहब शरमा रहे हैं,” आणि फोटो काढला. त्यात केशोरावांच्या टकलावर तीन पाकळ्या आहेत आणि माझे डोळे मिटलेले आहेत. मी रामरक्षा म्हणत होते.

डोळे उघडले तर दारात हे.

पँटीला सायकलची क्लिप, अंगात कार्यालयातलाच शर्ट, घामानं निथळलेले. यांनी आधी हार पाहिला, मग केशोरावांचा हार पाहिला, मग केक. सनई आपली वाजतच होती.

“केशोराव?” हे म्हणाले.

“लक्ष्मीचंद! बरं झालं बाप्पा आला तू!” केशोरावांनी घाईघाईनं गळ्यातला हार काढून यांच्या गळ्यात घातला. “हा तुयाच हाये. सारंच तुयं हाये. मी चाललो.”

खेमराजचा चेहरा केकसारखा पांढरा झाला. पण तो धंद्यातला माणूस. त्यानं सनई बंद केली, यांना खुर्ची दिली आणि काहीच न सुचून थाळ्या मांडायला लावल्या. मी सवयीनं ताट पाहून बसले, चित्राहुती घातली, आणि मग लक्षात आलं की आता आपण बोलू शकत नाही.

समोर हे. चेहऱ्यावर दहा प्रश्न. “टिकेशची माय, हे काय होऊन राहिलं?”

मी मान हलवली.

“माहेरी नाही गेली?”

मान उलटी हलवली.

“मंग केशोराव कायले?”

याला मान कुठल्या दिशेनं हलवायची? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता हे उठून जातील, असंच मला वाटलं. पंचवीस वर्षांनी टेबल मिळालं तेही एक घास न खाता जाणार, आणि मी तोंड उघडून थांबवूही शकत नव्हते. उघडलं तर नेम गेला. न उघडलं तर हे गेले. पहिलं अक्षर घशापर्यंत आलं होतं.

“बोलू नोको,” हे एकदम म्हणाले. “तुयं मौन हाये ना. दिवसभराची उपाशी हायेस. जेव.”

निघालेले केशोराव दारातून परत आले आणि उभ्या उभ्याच, चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात, फोनपासूनची सगळी हकीकत सांगू लागले. शालीकराम, आमगावची बहीण, कोरा शर्ट, काही गाळलं नाही. चार टेबलांनी जेवण थांबवून ऐकलं. माझी मान इतकी खाली गेली की नाक वरणाला लागणार होतं. पण ‘टक्कलवाले का’वर मला चमत्कारिक आवाज ऐकू आला. हे हसत होते. हसता हसता यांचा हात आपसूक आपल्या माथ्यामागे गेला.

केशोराव पेढे आमच्या टेबलावर ठेवून गेले. मग खेमराज आला. “भाभीजी, सब्जी कैसी—”

“शू!” हे म्हणाले. “उनका मौन है. बोलीं तो खाना छूट जाएगा. जो पूछना है मेरे से पूछो.”

आणि मग या माणसानं पहारा सुरू केला. वेटर ‘रोटी?’ म्हणायच्या आत हेच माझ्या ताटात पाहून एक बोट वर करत. कोणाचा मोबाईल वाजला तर हे वळून बघत. शेजारच्या बाई माझी साडी कुठली ते विचारायला आल्या, त्यांना यांनी हात जोडून परत पाठवलं. वरण संपलं की वाटी पुढे सरकवत. पंचवीस वर्षं मी यांना वाढलं, पण माझ्या ताटाकडे असं कोणी पाहिलेलं मला माहीत नव्हतं. या सगळ्यात यांची थाळी तशीच थंड होत होती. मी डाव्या हातानं ती यांच्याकडे ढकलली आणि डोळे वटारले.

“हो, हो. जेवतो.” यांनी घास घेतला. मीही घेतला. मग मला बोलता येत नाही म्हणून हेच बोलत राहिले. “सुटी सरून जात होती म्हून टाकली. दुसरं कायी नाही.” थोड्या वेळानं, “गुरुवारी बोललो, ते लागलं का?” मी मान हलवली नाही. “कुलूप पाहून नागऱ्याले गेलो. म्हटलं सोमवार हाये, तठीच असशील. साऱ्या गाभाऱ्यात पाहून आलो. परत आलो तं फुलवंताबाई बोलेना. तोंडानं रेल्वेची शिट्टी वाजवे, मंग हातानं जेवून दाखवे. म्हून इकडं पाहाले आलो, पन मले वाटलं बाईले उन्ह लागलं.”

मला हसू आवरेना. तोंडात भात, आवाज काढायचा नाही. मी पदर तोंडात कोंबला आणि हे घाबरून म्हणाले, “ठसका लागला तं बोलली असं नाही ना धरत?”

हात धुवून आल्यावर मी पहिलं वाक्य बोलले ते नवसाचं. सांगितल्याशिवाय झोप लागली नसती. घाईत ‘मी’ऐवजी ‘ते’ कसं निघालं, तेही सांगितलं.

“मी? अनवाणी? या उन्हात?” हे सायकलला किल्ली लावता लावता थबकले. “माया नावानं परस्पर? मले विचारलं होतं का?”

“चूक माझी. मी जाईन तुमच्याऐवजी.”

“देवाले ‘ते’ सांगतलं ना? मंग तू गेली तं तो काय म्हनंल?” हे कुरकुरत पेडलवर पाय ठेवून बसले आणि मला मागे बसायची खूण केली. मुर्री येईपर्यंत आमच्या रस्त्यांची अवस्था, खडी आणि मे महिना यांवर हे बोलत होते. नवसाबद्दल हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी मागे बसून मनात महादेवाची क्षमा मागत होते.

पहाटे दिवा लावायला मी उठायच्या आधीच दाराच्या कडीचा बारीक आवाज झाला. मी डोळे किलकिले केले. हे ओसरीत उभे होते, काखेत छत्री, हातात तांब्या. चपला पायात घातलेल्या. दोन पावलं गेले, थांबले. मग वाकून चपला काढल्या, आवाज होणार नाही अशा बेतानं भिंतीशी लावल्या, आणि अंगणातल्या खड्यांवर पाऊल टाकून तोंडानं “स्स” केलं. मी झोपल्याचं सोंग तसंच ठेवलं. फाटक हळूच उघडलं, हळूच लागलं, आणि हे नागऱ्याच्या वाटेला लागले.